विचारा बिनधास्त: चोरी आणि दरोडा, ससा आणि ससा

मागच्या अंकात लिहिलं होतं की इंग्रजीतल्या ज्या शब्दांच्या जोड्या 'एकच तर अर्थ आहे' म्हणून आपण आलटून पालटून वापरतो आणि मग कुठेतरी तोंडघशी पडतो, त्या पाठवा. पत्रं इतकी आली की निवडतानाच दमछाक झाली. स्पेलिंगचे घोळ, म्हणजे स्टेशनरीत ए की ई वगैरे, यात घेतलेले नाहीत, ते डिक्शनरीत दोन मिनिटांत सापडतं. एक सांगते, काही फरक खरे असतात आणि त्यावर कोर्टात केस हरता येते, काही फरक फक्त देश बदलला की होतात, आणि काही नुसते मास्तरांनी तयार केलेले असतात. कुठला कशातला आहे ते ओळखलं की निम्मं काम झालं.

प्र. ताई, मी लातूरला एका दैनिकात क्राइमच्या बातम्या बघतो. पोलिसांची प्रेसनोट मराठीत येते आणि आमच्या इंग्रजी वेबसाइटसाठी तिचं इंग्रजी मलाच करावं लागतं. थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी, डकॉयटी यातलं कधी काय टाकायचं? डेस्कवरचे म्हणतात काहीही टाक, चोरी झाली एवढं कळलं की बस.

डेस्कवाल्यांचं अजिबात ऐकू नका. आणि खरं तर तुमचं काम सोपं आहे, कारण आपल्या पोलिसांची मराठी या बाबतीत इंग्रजीइतकीच काटेकोर आहे. प्रेसनोटमध्ये चोरी, जबरी चोरी, घरफोडी, दरोडा असे शब्द येतात ते वाचणाऱ्याला घाबरवायला नाही, ते खरंच चार वेगळे गुन्हे आहेत, आणि प्रत्येकाला इंग्रजीत आपापला शब्द आहे.

थेफ्ट म्हणजे साधी चोरी. बाईक लावून तुम्ही चहा प्यायला गेलात, परत आलात तर बाईक नाही. कोणी धमकावलं नाही, कोणी हात लावला नाही, चोराचं तोंडसुद्धा दिसलं नाही. रॉबरीला मात्र समोर माणूस लागतो. चाकू दाखवून मोबाइल काढून घेतला, मारहाण करून पाकीट नेलं, म्हणजे चोरी करताना जोर लावला किंवा भीती घातली, की ती रॉबरी, आपली जबरी चोरी. म्हणून तर इंग्रजीत स्टील हे क्रियापद वस्तूला लागतं आणि रॉब हे माणसाला नाहीतर बँकेला. 'माय मोबाइल वॉज रॉब्ड' असं आपल्याकडे सर्रास छापून येतं ते चूक, मोबाइलला कोण काय धमकावणार. 'आय वॉज रॉब्ड' किंवा 'माय मोबाइल वॉज स्टोलन' म्हणा.

बर्गलरीचा संबंध इमारतीशी. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तर ती फक्त रात्रीच व्हायची आणि राहत्या घरातच, दिवसाढवळ्या कोणी घर फोडलं तर त्याला बर्गलरी म्हणत नसत, मग १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने ही रात्रीची अट तिथे काढून टाकली. आपल्या कायद्यातला शब्द हाउस ब्रेकिंग, म्हणजे शब्दशः घरफोडी, आणि ती रात्री झाली तर शिक्षा जास्त. तुम्ही बातमीत बर्गलरी लिहिलं तरी चालेल, पण घरात कामाला येणाऱ्याने कपाटातली अंगठी उचलली तर ती बर्गलरी नाही हे लक्षात ठेवा, कारण तो घरात रीतसर आला होता. हा फरक किती महाग पडू शकतो ते विम्यात दिसतं. दुकानदार बर्गलरीची पॉलिसी काढतो, माल गायब होतो, आणि कंपनी म्हणते कुलूप तुटलेलं नाही, शटर वाकलेलं नाही, मग ही थेफ्ट झाली, बर्गलरी कुठे झाली. असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं आणि २००४ साली कोर्टाने विमा कंपनीचंच म्हणणं धरलं, की पॉलिसीत बर्गलरीची व्याख्या जबरदस्तीने शिरून केलेली चोरी अशी असेल तर ती जबरदस्ती दिसलीच पाहिजे, नुसता माल गेला म्हणून भागणार नाही. त्यामुळे वाचकांपैकी कोणाचं दुकान असेल तर आजच पॉलिसीचा तो परिच्छेद वाचून घ्या.

राहिला दरोडा. इथे आकडा लागतो, पाच. चार जणांनी मिळून लुटलं तर ती जबरी चोरी, पाचवा असला की दरोडा. आणि दरोड्याची नुसती तयारी केली तरी गुन्हा आहे, म्हणून 'दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद' अशी बातमी येते, 'चोरीच्या तयारीतला चोर जेरबंद' अशी कधी येत नाही. डकॉयटी हा शब्द इंग्रजांनी इकडूनच उचलला, लूट आणि ठग हे शब्द नेले तसाच, पण लंडनच्या वाचकाला तो कळेलच असं नाही, तेव्हा पहिल्या वाक्यात 'गँग ऑफ फाइव्ह' किंवा जेवढे असतील तेवढे असं लिहून मग डकॉयटी टाका.

अजून एक, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तिच्यात स्नॅचिंगला स्वतःचं कलम आहे, ३०४. आधी चेन ओढली की बहुतेकदा जबरी चोरीत जायचं. रॉबरी आता ३०९ आणि डकॉयटी ३१०. प्रेसनोटमधला कलमाचा आकडा बघितला की इंग्रजी शब्द आपोआप मिळतो, डेस्कला विचारायची गरजच नाही.

प्र. एखादा कैदी 'पॅरोलवर बाहेर' आणि दुसरा 'फर्लोवर बाहेर' असं वाचतो. दोन्ही सुट्टीच ना? मग दोन शब्द कशाला? — एक निवृत्त पोस्टमास्तर, नाशिकरोड

सुट्टीच, पण आपल्या कॅज्युअल आणि अर्न्ड लीव्हमध्ये जेवढा फरक तेवढा इथेही आहे. पॅरोलला कारण लागतं. घरात मृत्यू, कोणाचं गंभीर आजारपण, मुलीचं लग्न. फर्लोला असं खास कारण दाखवावं लागत नाही, ठराविक काळ शिक्षा भोगली आणि वागणूक बरी असली की ती मिळू शकते, मूळ हेतू हा की वर्षानुवर्षं आत राहून माणूस घरच्यांना पारखा होऊ नये. पण हक्काची म्हणून मागता येत नाही, प्रशासन नाकारू शकतं. आपल्या सरकारी मराठीने दोघांना फार छान नावं दिलीत, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. पॅरोल हा फ्रेंच शब्द, अर्थच मुळी 'दिलेला शब्द', युद्धकैदी 'पळणार नाही' असा शब्द देऊन सुटायचे त्यावरून आलेला, तेव्हा अभिवचन ज्याने कोणी सुचवलं त्याला सलाम. आणखी मुख्य फरक म्हणजे फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत, तेवढे नंतर भोगावे लागतात.

फक्त अमेरिकन पिक्चर बघताना हे सगळं विसरा. तिथे पॅरोल म्हणजे सुट्टी नाहीच, शिक्षा संपायच्या आधी अटी घालून देखरेखीखाली सोडणं, आणि फर्लो म्हटलं की लोकांना आधी बिनपगारी रजा आठवते, सरकारचं बजेट अडकलं की कर्मचाऱ्यांना देतात ती. जामीन म्हणजे बेल हा तिसराच प्रकार, तो बहुतेक वेळा दोषी ठरायच्या आधीचा.

प्र. मॅडम मी दापोलीला आठवीत आहे. ससा आणि कासवाच्या गोष्टीत इंग्रजीत हेअर आणि टॉर्टॉइज आहे. मी परीक्षेत रॅबिट आणि टर्टल लिहिलं तर बाईंनी खाली लाल रेघ मारली. अर्थ तर तोच आहे ना?

या खेपेचा सगळ्यात भारी प्रश्न तुझा आहे. बाई बरोबर आहेत, पण का बरोबर आहेत ते ऐक, मजा आहे.

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण हेअर आणि रॅबिट हे दोन वेगळे प्राणी आहेत. रॅबिट जमिनीत बिळं करून घोळक्याने राहतो, त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडीनागडी असतात, डोळे मिटलेले. हेअर बीळ करतच नाही, उघड्या माळावर गवतात दबून बसतो, त्यामुळे त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, थोड्याच वेळात हिंडायला तयार, कारण लपायला घरच नाही. आणि बीळ नाही म्हटल्यावर वाचायचा एकच उपाय, पळणं. म्हणून हेअरचे मागचे पाय लांब, कान लांब, आणि वेग भन्नाट. आता सांग, शर्यतीला कोणाला उभं करशील? रॅबिट तर शिट्टी वाजल्यावर बिळात जाऊन बसेल. आपल्या कोकणात किंवा देशावर रात्री गाडीच्या उजेडात जो तपकिरी ससा टुणकन उडी मारून पळतो तो हेअर, आणि पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा तो रॅबिट. रानातला रॅबिट महाराष्ट्रात तुला दिसणारच नाही.

कासवाचं पण तसंच. टॉर्टॉइज जमिनीवरचं, पाठ घुमटासारखी, पाय हत्तीसारखे जाडजूड. टर्टल म्हणजे समुद्रातलं, त्याला पाय नाहीत, वल्ह्यासारखे पर असतात. तू तर दापोलीची, मंडणगड तालुक्यातलं वेळास तुझ्यापासून फार लांब नाही, तिथे दर वर्षी ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या वाळूत अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या सुमाराला पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला गाव भरून पर्यटक येतात. ते टर्टल. तिथली मादी वाळूवरून कशी ओढत ओढत जाते ते एकदा बघ, मग कळेल की तिला शर्यतीत उतरवलं तर गोष्टीतला ससा तीन झोपा काढूनसुद्धा जिंकेल. टॉर्टॉइज बघायचं तर पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते स्टार टॉर्टॉइज आठव, लोक चोरून घरात पाळतात ते, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे बरं का. तळ्याविहिरीतल्या कासवाला काय म्हणायचं यावर मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही. ब्रिटनमध्ये छोट्या गोड्या पाण्यातल्या कासवाला टेरापिन म्हणतात आणि अमेरिकेत कासव दिसलं की टर्टल, जमिनीवरचंसुद्धा. म्हणजे अमेरिकेतल्या बाईंनी तुझ्या टर्टलखाली रेघ मारली असती की नाही सांगता येत नाही, पण गोष्टीचं नाव ठरलेलं आहे, ते तसंच लिहायचं.

एक जोडी अजून घे, विचारली नाहीस तरी. मगरीला ॲलिगेटर लिहू नकोस. ॲलिगेटर जगात दोनच जातीचे, एक अमेरिकेत आणि एक चीनमध्ये, आपल्याकडे एकही नाही. आपली ती क्रोकोडाइल, आणि नदीतल्या आपल्या मगरीला इंग्रजीत मगर क्रोकोडाइलच म्हणतात, फक्त स्पेलिंग असं केलंय की गोरे लोक 'मगर'चं 'मगऽ' करतात. उलट माकड आणि वानर असे दोन शब्द आपल्याकडे आहेत तिथे इंग्रजीत दोघांनाही मंकी. वानर म्हणजे एप नाही, एपला शेपूट नसते, आणि आपल्या काळ्या तोंडाच्या वानराची शेपूट केवढी असते ते तुला सांगायला नको.

प्र. जेलस आणि एन्व्ही? एका वाक्यात सांगा. — पुणे

एन्व्हीला दोन माणसं लागतात, जेलसीला तीन. शेजाऱ्याची गाडी आपल्याकडे नाही याचा हेवा ती एन्व्ही, आपलं माणूस तिसऱ्याकडे जाईल की काय ही धाकधूक ती जेलसी. जुन्या लोकांना ओनिडा टीव्हीची शिंगवाल्या सैतानाची जाहिरात आठवत असेल, 'नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड', तिथे जेलसी बसलंच नसतं. एका वाक्यात नाही झालं, पण बोलताना सगळे जण दोन्हीला जेलसच म्हणतात, इंग्रजसुद्धा, त्यामुळे फार मनावर घेऊ नका.

प्र. मी निफाडचा द्राक्ष बागायतदार. मोबाइलवर हवामानाचे इंग्रजी मेसेज येतात. वेदर आणि क्लायमेट दोन्ही हवामानच ना? शिवाय 'नॉर्मल रेनफॉल' म्हणतात आणि आमच्याकडे टँकर चालू असतात. नॉर्मल म्हणजे ॲव्हरेज का? आणि 'हेवी' आणि 'व्हेरी हेवी'मध्ये नक्की किती फरक?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही रास्त आहेत, द्राक्षवाल्याला एका पावसात काय होतं ते आम्ही पेपरात वाचतो, तुम्ही भोगता.

शाळेच्या भूगोलात वेदरला हवा आणि क्लायमेटला हवामान असे दोन वेगळे शब्द आहेत, पण टीव्हीवर 'हवामान अंदाज' येतो तो वेदरचा असतो, म्हणून घोळ. आज दुपारी, उद्या सकाळी, या आठवड्यात काय होणार ते वेदर. निफाडला थंडी कडक पडते हे क्लायमेट. बागेला आज कुठला फवारा मारायचा ते वेदर बघून ठरतं, निफाडला द्राक्ष लावावं का हे क्लायमेट बघून.

नॉर्मल म्हणजे ॲव्हरेजच, पण कुठलाही ॲव्हरेज नाही, ठराविक वर्षांचा गोठवून ठेवलेला ॲव्हरेज. जगभर साधारण तीस वर्षांचा धरतात, सध्या १९९१ ते २०२० चा. पावसाळ्यासाठी आपला हवामान विभाग १९७१ ते २०२० ची सरासरी धरतो, जून ते सप्टेंबर मिळून देशभराची ८७ सेंटीमीटर, आणि यंदाचा पाऊस तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांत बसला की 'नॉर्मल मान्सून' म्हणतात. आता हे देशभराचं झालं. चेरापुंजी आणि निफाड एका पातेल्यात घालून काढलेली सरासरी नॉर्मल आली म्हणून तुमची विहीर भरेल असं काही नाही, आणि इंग्रजीत बोलताना नॉर्मल हा शब्द 'सगळं ठीक आहे' अशा अर्थाने कानाला लागतो तिथेच माणूस फसतो. इथे तो फक्त आकड्याचा शब्द आहे, दिलाशाचा नाही. तुम्ही जिल्ह्याचा, जमलं तर तालुक्याचा आकडा बघत जा.

हेवी आणि व्हेरी हेवी हे पण असे आकड्याचेच शब्द. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे हेवी, तिथून २०४.४ पर्यंत व्हेरी हेवी, त्याच्या वर एक्स्ट्रीमली हेवी. आपल्याला वाटतं 'व्हेरी' हा बोलण्यातला मसाला आहे, पण तो हेवीच्या जवळपास दुप्पट पाऊस आहे. आणि एक्स्ट्रीमलीला वर टोकच नाही, २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला तोही एक्स्ट्रीमली हेवी आणि २०५ झाला तरी तेच.

प्र. शेड आणि शॅडो, दोन्ही सावलीच. जळगावच्या उन्हात मला तर दोन्ही सारख्याच प्रिय. फरक काय?

शेडमध्ये बसता येतं, शॅडोत बसता येत नाही, ती नुसती दिसते. ऊन अडल्यामुळे जी गार जागा होते ती शेड, आणि अडवणाऱ्या वस्तूचा जो आकार जमिनीवर पडतो तो शॅडो. एकाच लिंबाच्या झाडाखाली तुम्ही शेडमध्ये उभे असता आणि बाहेरून फोटो काढणाऱ्याला त्या झाडाची शॅडो दिसते. शॅडोला आकार असतो म्हणून ती मोजता येते, सकाळी लांब दुपारी आखूड, शेडला असा आकार नसतो म्हणून 'अ शेड' म्हटलं की अर्थच बदलतो, मग ती रंगाची छटा होते. आता कोणी म्हणेल आम्ही गाडी शेडमध्ये लावतो ती? ती पत्र्याची शेड, उच्चारही वेगळा, स्पेलिंगही वेगळं, तिचा या सावलीशी संबंध नाही जरी सावली तीही देत असली.

म्हणूनच शून्य सावली दिवसाला इंग्रजीत झीरो शॅडो डे म्हणतात, झीरो शेड डे नाही. सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की उभ्या खांबाची शॅडो खांबाच्या पायातच दडते. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे हे वर्षातून दोनदा होतं, पुण्यात पहिल्यांदा मेच्या मध्याला, तुमच्याकडे जळगावला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा होतं तेव्हा पावसाळा असतो, ढगांमुळे सहसा काही दिसत नाही. दिल्लीवाल्यांना हे कधीच बघायला मिळत नाही. त्या दिवशी जळगावात शॅडो नसेल पण शेड लागेलच, आणि टोपीही.

प्र. मी हिंजवडीत आयटीत आहे. अमेरिकन क्लायंट मीटिंगमध्ये म्हणाला, लेट्स टेबल धिस. मी रात्रभर बसून त्या विषयाचं प्रेझेंटेशन बनवलं, सकाळी पाठवलं तर त्याचा मेल आला की हे का पाठवलंस. काय चुकलं माझं?

तुमचं काही चुकलं नाही, अटलांटिक महासागराचं चुकलं. टेबल करणे याचा ब्रिटनमध्ये अर्थ आहे विषय चर्चेला मांडणे, आणि अमेरिकेत अर्थ आहे विषय बाजूला ठेवणे, तूर्तास बंद. बरोब्बर उलटे. आपण ब्रिटिशांच्या शाळेतले, विधानसभेत अहवाल 'सभागृहाच्या पटलावर ठेवला' म्हणतो, पटल म्हणजे तेच टेबल, ठेवला म्हणजे सगळ्यांसमोर आला. त्यामुळे तुम्ही जे समजलात ते कुठलाही मराठी माणूस समजला असता.

आणि तुम्ही फार मोठ्या लोकांच्या पंगतीत बसलायत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी एकत्र बसले असताना ब्रिटिशांनी तातडीचा म्हणून एक कागद टेबल करायचा म्हटलं, अमेरिकनांना वाटलं हे तर दडपायला निघाले, आणि दोघांची चांगली जुंपली, बऱ्याच वेळाने लक्षात आलं की दोघांनाही तो कागद चर्चेला घ्यायचाच होता. ही हकीकत चर्चिलने स्वतः त्याच्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलीय.

मूट पॉइंटचंही असंच काहीसं. ब्रिटिश माणूस म्हणाला तर अर्थ 'वादाचा मुद्दा आहे, बोलू', अमेरिकन म्हणाला तर 'आता त्यावर बोलून उपयोग नाही'. आणि 'क्वाइट गुड' अमेरिकन म्हणाला तर खूश व्हा, ब्रिटिश म्हणाला तर काम परत एकदा तपासा, कारण त्याच्या क्वाइटचा अर्थ बऱ्याचदा 'बरं आहे' एवढाच असतो.

पण फक्त त्यांच्यावर हसून चालणार नाही, आपणही काही कमी गोंधळ घालत नाही. 'आय विल रिव्हर्ट' असं आपण लिहितो तेव्हा आपल्याला 'उत्तर देतो' म्हणायचं असतं, तिकडच्याला रिव्हर्ट म्हणजे आधीच्या स्थितीत परत जाणे, तुमच्या कोडमध्ये गिट रिव्हर्ट असतं ना तेच. सॉफ्टवेअरच्या मेलमध्ये 'आय विल रिव्हर्ट बाय मंडे' वाचून क्लायंटला खरंच वाटू शकतं की तुम्ही सोमवारी सगळे बदल काढून टाकणार. 'आय पास्ड आउट इन २०१९' वाचून त्याला वाटेल २०१९ साली चक्कर आली होती. प्रीपोन मात्र खुशाल वापरा असं मी म्हणेन, पोस्टपोनच्या उलट इतका आटोपशीर दुसरा शब्द त्यांच्याकडे नाही आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनेही तो घेतलाय, फक्त पहिल्यांदा वापराल तेव्हा पुढे नवीन तारीख लिहा. आणि टेबल हा शब्द यापुढे मीटिंगमध्ये ऐकलात तर सरळ विचारा, 'नाऊ ऑर लेटर?' यात कमीपणा काहीच नाही, झोप वाचते.

प्र. मी सांगलीत इंग्रजी शिकवतो. लेस आणि फ्युअरच्या चुका तपासून तपासून लाल पेन संपतो. मोजता येतं तिथे फ्युअर, येत नाही तिथे लेस, इतका सोपा नियम मुलांच्या डोक्यात का शिरत नाही?

सर, राग मानू नका, पण हा नियम आपण समजतो तेवढा पक्का कधीच नव्हता. इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूंना लेस लावायची पद्धत हजारेक वर्षांपूर्वीच्या लिखाणातही सापडते. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी इंग्रजीवर लिहिताना म्हटलं की मोजता येणाऱ्यांसाठी फ्युअर जास्त शोभून दिसतं, म्हणजे त्यांनी आपली आवड सांगितली होती, पुढच्या मास्तरांनी तिचा नियम केला. आणि तो पाळणारेसुद्धा पूर्ण पाळत नाहीत. पाचशे रुपये मोजता येतात, तरी 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज'च म्हणतात. दहा किलोमीटर, दोन तास, वीस टक्के, सगळीकडे लेस, कारण तिथे आपण सुटे नग मोजत नसतो, एकूण किती ते बघत असतो. तुमच्या मुलाने 'फ्युअर दॅन टेन किलोमीटर्स' लिहिलं तर नियमाने ते बरोबर आणि कानाला चूक.

बोर्डाच्या पेपरात 'फ्युअर स्टुडंट्स, लेस वॉटर' एवढं त्यांना येऊ द्या, तिथे मार्क जातात आणि तुम्ही ते शिकवलंच पाहिजे. पण निबंधात कोणी 'लेस मिस्टेक्स' लिहिलं आणि बाकी निबंध फक्कड असला तर गोल करून सोडून द्या, मार्क कापू नका. लाल पेन 'माय मोबाइल वॉज रॉब्ड'साठी शिल्लक ठेवा, ती चूक सुधारण्यासारखी आहे.